लेखकाने जास्त काय वाचावं, कथा-कादंबऱ्या की नॉन-फिक्शन? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहा-पंधरा जण लायब्ररीच्या वरच्या खोलीत जमतो, आपापलं लिहिलेलं वाचतो, एकमेकांच्या चुका काढतो. कोणी शिक्षक आहे, कोणी बँकेत, दोन जण पत्रकार, एक मेडिकल दुकानवाले काका. नवीन माणूस आला की पहिल्या-दुसऱ्या महिन्यात हे प्रश्न येतातच, म्हणून एकदाचे एका जागी लिहून ठेवतोय. उत्तरं माझी आहेत, ग्रुपमधल्या सगळ्यांना पटतीलच असं नाही.

सरळ सांगा ना, लेखकाने फिक्शन वाचावं की नॉन-फिक्शन?

तुम्ही जे लिहिता त्याच्या पलीकडचं जास्त वाचा. कथा लिहित असाल तर आत्मकथनं, रिपोर्ताज (जागेवर जाऊन, बघून-विचारून लिहिलेलं), चरित्रं, प्रवास, जुनी पत्रं. लेख, फीचर, रिपोर्ताज लिहित असाल तर कथा-कादंबऱ्या.

कारण असं की आपल्याच प्रकारातलं सतत वाचलं की त्या प्रकाराच्या सवयी अंगात भिनतात. पन्नास कथा वाचून जो कथा लिहितो त्याच्या कथेत पाऊस पडतो, खिडकी असते, चहा गार होतो, आणि शेवटी कोणीतरी शून्यात बघत बसतं, कारण आधीच्या पन्नास कथांमध्ये तेच झालेलं असतं. हे मी स्वतःच्या आणि ग्रुपमधल्या कथांमध्ये इतक्या वेळा बघितलंय की आता कळकळीने सांगतो. पण एक अट आहे, आधी आपल्या प्रकारातलं थोडंतरी कानात मुरलेलं पाहिजे. ज्याने कथाच वाचल्या नाहीत त्याला हा सल्ला लागू नाही, त्याने आधी कथा वाचाव्यात.

फिक्शन म्हणजे ललित आणि नॉन-फिक्शन म्हणजे वैचारिक, असंच ना?

नाही, इथे मराठीत गोंधळ होतो. ललित हा शब्द आपण भाषेच्या पोतावरून वापरतो, खरं-खोटं यावरून नाही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) ललित आहे, पण त्यातलं एकही झाड रचलेलं नाही, बारा महिन्यांत निसर्ग कसा बदलतो ते बाईंनी डोळ्यांनी बघून लिहिलंय. म्हणून मी इथे फिक्शन म्हणजे रचलेलं आणि नॉन-फिक्शन म्हणजे घडलेलं एवढ्याच अर्थाने शब्द वापरतोय.

मग 'श्यामची आई', 'माणदेशी माणसं', 'व्यक्ती आणि वल्ली' कशात मोडतात?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण याचं उत्तर शोधतानाच लेखक म्हणून बरंच शिकायला मिळतं.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आठवणी स्वतःच्याच, पण 'मी' न म्हणता श्याम म्हटलं, आणि श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतोय अशी रचना केली. म्हणजे माल आत्मकथेचा आणि साचा गोष्टीचा. या साच्यामुळे काय झालं बघा, आईबद्दल इतकं भरभरून बोलताना जो संकोच वाटला असता तो गेला, कारण बोलणारा श्याम आहे, आणि समोर ऐकणारे आहेत म्हणून भाषा पण सांगण्याची राहिली.

व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' (१९४९) गावातल्या बघितलेल्या माणसांवर आहेत, पण वाचताना ती कथांसारखी उतरतात. पुलंच्या वल्ली दुसऱ्या टोकाला, बहुतेक रचलेल्या, तरी वाचणारा शपथेवर सांगतो की अंतू बर्वा आमच्या आळीत राहायचा. एकाने खऱ्या माणसाला गोष्टीचा आकार दिला आणि दुसऱ्याने रचलेल्या माणसाला खऱ्याचा वास दिला. कप्पा ठरवायची घाई करू नका, लेखकाने कुठे काय उचललं आणि कुठे काय घातलं ते शोधत वाचा.

नॉन-फिक्शन वाचून कथा लिहिणाऱ्याला काय मिळणार? माहिती तर मोबाईलवर पण मिळते की.

माहिती हा त्यातला छोटा भाग आहे. मोठा भाग म्हणजे आवाज. माझं ठाम मत आहे की मराठीत बोलतं गद्य कसं लिहायचं हे आपल्याला कादंबऱ्यांपेक्षा घडलेलं सांगणाऱ्या पुस्तकांनी जास्त शिकवलंय.

सुरुवातीपासून बघा. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणजे तेराव्या शतकातलं 'लीळाचरित्र', आणि ते नॉन-फिक्शन आहे! चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या, कुठे घडलं, कोण होतं, स्वामी काय बोलले, समोरचा काय बोलला. आज पत्रकार ज्याला सोर्स गाठणं म्हणतो तेच काम, आणि तेही सातशे वर्षांपूर्वी पायी हिंडून. एकेक लीळा छोटीशी असते, चार-सहा वाक्यांत प्रसंग उभा राहतो, बोलणं जसंच्या तसं, आणि झालं. भाषा जुनी आहे, पहिली वीस पानं अडखळायला होतं, पण संवाद लिहिणाऱ्याने त्यातल्या पाच-दहा लीळा तरी मोठ्याने वाचाव्यात.

मग लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', पहिला भाग १९३४ चा. बाईंचं शाळेत जाऊन शिक्षण झालेलं नाही, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने करून दिली. पुस्तक उघडलं की वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने घर कसं पिळून निघत होतं ते येतं, आणि कुठेही गळा काढलेला नाही, विशेषणं जवळपास नाहीतच. नवऱ्याने धर्म बदलला, संसार मोडला आणि पुन्हा जोडला, हे सगळं ओट्यावर बसून शेजारणीला सांगावं तसं सांगितलंय. आमच्या ग्रुपमध्ये कोणी दुःखाचा प्रसंग लिहून आणला आणि त्यात अश्रू, हुंदके, काळीज सगळं एकाच परिच्छेदात आलं की मी हेच पुस्तक हातात देतो.

आणि १९७८ चं 'बलुतं'. दया पवारांनी त्यात केवढी मोठी युक्ती केलीय, दगडू मारुती पवार नावाचा माणूस दया पवार नावाच्या लेखकाला आपलं आयुष्य सांगतोय, म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसवलेत, एक जो ते सगळं जगला आणि एक जो शिकून पांढरपेशा झाला. ही युक्ती कादंबरीकाराने केली असती तर प्रयोग म्हणून कौतुक झालं असतं, आत्मकथन म्हटलं की लोक फक्त दुःख मोजत बसतात आणि रचनेकडे बघतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. दलित आत्मकथनं लेखक म्हणून वाचा, म्हणजे काय झालं याच्या जोडीने कसं सांगितलं तेही बघा. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' घ्या, आई आयदानं म्हणजे बांबूच्या वस्तू विणायची आणि लेकीने आठवणी तशाच विणल्यात, एक पट्टी बालपणाची, तिच्याखालून दुसरी नंतरच्या आयुष्याची. त्या कथाकार आहेत हे पानापानावर कळतं.

पण वस्तूंची, कामांची नावं वगैरे? ते पण नॉन-फिक्शनमधूनच येतं ना?

बरंचसं. गावावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्रिं. ना. आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) चाळावं असं मला वाटतं. कोणत्या बलुतेदाराचं काम काय, त्याला काय मिळायचं, हे सगळं एका महसुली अधिकाऱ्याच्या नजरेतून आहे, त्या नजरेशी काही ठिकाणी आपलं पटत नाही, पण शब्दांचा साठा प्रचंड. 'गावातले वेगवेगळे लोक आपापली कामं करत होते' असं मोघम वाक्य ते पुस्तक वाचल्यावर हातून निघत नाही.

तरी सगळं पुस्तकात मिळत नाही हेही सांगतो. मी एक कथा लिहिली होती एसटी कंडक्टरवर, मुक्कामी गाडी, आडगाव, रात्री गाडीतच झोपणारा माणूस. त्यात गाडी सुटताना कंडक्टर एक बेल देतो असं लिहिलं. कथा छापून आली आणि महिन्याभराने एका रिटायर्ड कंडक्टरांचा फोन आला, म्हणाले कथा चांगली आहे पण अहो एक बेल म्हणजे थांब, चल म्हणायला डबल बेल, तुम्ही माझी गाडी स्टँडवरच उभी केलीत. मी माफी मागितली आणि मग त्यांना भेटायला गेलो. दोन तास ते बोलत होते, तिकिटांचा ट्रे, वेबिल, लाइन चेकिंग, हिशेबात कॅश कमी भरली तर पोटात पडणारा गोळा. मी त्या कथेत एकटेपणा लिहिला होता कारण कथांमध्ये असा माणूस एकटाच असतो. त्यांच्या बोलण्यात एकटेपणा कुठेच नव्हता, भीती होती, ती पण सव्वा रुपयाची. दुसरी कथा त्या सव्वा रुपयावर लिहिली आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी खरी झाली.

मग कथा-कादंबऱ्या कशाला वाचायच्या?

कारण दुसऱ्याच्या डोक्याच्या आत शिरायची परवानगी फक्त तिथेच आहे. घडलेलं लिहिणारा माणूस फार तर असं म्हणू शकतो की त्या म्हणाल्या, त्यांना तेव्हा भीती वाटली. कादंबरी थेट भीतीत नेऊन बसवते.

अरुण साधूंचं उदाहरण मला यासाठी नेहमी आठवतं. ते पत्रकार होते, मंत्रालयातलं राजकारण जवळून बघितलेलं. पण 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) त्यांनी कादंबऱ्या म्हणून लिहिल्या. बातमीत तेवढंच छापता येतं जे दाखवून देता येतं. मुख्यमंत्री रात्री जागा राहून कोणाला फोन करावा याचा विचार करतोय, आणि त्याच वेळी त्याच शहरात एखादा बेकार माणूस काय करतोय, हे एका कागदावर आणायला बातमीचा रकाना पुरत नाही. पुढे याच दोन कादंबऱ्यांवरून 'सिंहासन' सिनेमा आला (१९७९), आणि सत्तेचं राजकारण आतून कसं असतं हे आजही लोक त्यावरूनच बोलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे काय सांगायचं नाही हे कथा शिकवते. 'बनगरवाडी' (१९५५) बघा, धनगरांची वाडी, तिथे आलेला कोवळा मास्तर, गावाने मिळून बांधलेली तालमीची इमारत, आणि मग दुष्काळ. माडगूळकर दुष्काळाची आकडेवारी देत नाहीत, किती इंच पाऊस, किती जनावरं गेली, काही नाही, माणसं एकेक करून वाडी सोडतात एवढंच दिसतं. सरकारी अहवालात तोच दुष्काळ असतो, पण तिथे कोण कधी निघालं हे नसतं. मी जेव्हा लेख लिहितो आणि आकडे खूप झालेत असं वाटतं तेव्हा बनगरवाडीची शेवटची पानं वाचतो.

तिसरी गोष्ट वेळ. कादंबरी दहा वर्षं एका वाक्यात उडवते आणि एका संध्याकाळवर वीस पानं खर्च करते. हा वेग हातात यायला कादंबऱ्याच वाचाव्या लागतात.

फिक्शन वाचल्याने माणसाला दुसऱ्याच्या भावना जास्त कळतात हे सायंटिफिकली सिद्ध झालंय ना?

सिद्ध झालंय असं म्हणू नका. २०१३ साली 'सायन्स' या जर्नलमध्ये न्यूयॉर्कच्या दोन संशोधकांचा अभ्यास आला होता, साहित्यिक दर्जाच्या कथेचा थोडा भाग वाचल्यावर लोकांना दुसऱ्याच्या मनातलं जास्त ओळखता येतं असा. तो प्रचंड गाजला, आजही फॉरवर्ड होत असतो. पण नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून बघितला तेव्हा तसा निकाल आला नाही. आयुष्यभर कथा वाचणाऱ्यांचं काय होतं हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, पण अर्धा तास कथा वाचली आणि माणूस सहृदय झाला असं काही होत नाही. लेखकाने हे असले दावे नीट तपासावेत, नाहीतर आपल्याच लेखात जाऊन बसतात.

मी फीचर्स लिहिते. मला कादंबऱ्यांमधून काय घेता येईल? रचलेलं घातलं तर खोटं होईल ना?

तथ्य रचायचं नाही, एक अक्षर पण नाही, त्यात तडजोड नको. पण प्रसंग कसा उभा करायचा, सुरुवात कुठून करायची, कोणाच्या डोळ्यांनी बघायचं हे खुशाल घ्या.

महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) काढून बघा. शेतकऱ्याची लूट कशी होते हे मांडणारं पुस्तक, युक्तिवाद, हिशेब, सगळं आहे. आणि मधेच जोतीराव एक कर्जात बुडालेला कुणबी समोर आणतात, तो हताश होऊन स्वतःशी बोलत घराकडे चाललाय, मग त्याचं घर येतं, भिंती, भांडी, जनावरं, अंथरूण, एकेक वस्तू. तो प्रसंग कोणत्याही कादंबरीत शोभला असता. पण तो वाद घालणाऱ्या पुस्तकात आल्यामुळे आधीचे सगळे हिशेब एकदम त्या घरात जाऊन बसतात.

अनिल अवचटांनी उलट केलं. हमाल, विडी कामगार, यंत्रमागावरची माणसं यांच्यावर लिहिताना ते स्वतः लेखात दिसतात, प्रश्न विचारणारा, न समजलेलं पुन्हा विचारणारा माणूस म्हणून. एखाद्या साध्या कथेत निवेदक असतो तसा. वाचणाऱ्याला पण ते काही माहीत नसतं, त्यामुळे दोघं बरोबर चालतात. फीचर लिहिणाऱ्याने कथेतून निवेदक घ्यावा, कथानक घेऊ नये, असं मी थोडक्यात सांगतो.

दोन्ही प्रकार चांगले लिहिणारे कोणी आहेत का, की शेवटी एकच निवडावं लागतं?

भरपूर आहेत, आणि माझ्या मते मराठीत ही मोठी परंपरा आहे. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) सगळ्यांना माहिती असते, पण त्याच माणसाने 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिलंय, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेने जंगलावरचा हक्क कसा मिळवला त्यावर. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, दोन्हीकडे वाक्य साधं, शांत, लेखक कुठेही पुढेपुढे करत नाही. 'शाळा'मधल्या मुकुंदाच्या मनातली खळबळ आणि ग्रामसभेतली चर्चा दोन्ही तो सारख्याच धीराने ऐकतो.

माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिलं ते जंगलात राहून केलेल्या नोंदींचं पुस्तक आहे, आणि 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळ्यांवरची छोटी कादंबरी, जिला १९८३ साली साहित्य अकादमी मिळालं. नोंदी घेणारा डोळा नसता तर ती कादंबरी झालीच नसती, वानरांना माणसांसारखं बोलायला लावून मोकळा झाला असता कोणीही.

नंदा खरे सिव्हिल इंजिनिअर, विज्ञानावर, मानवाच्या इतिहासावर लिहिणारे, आणि 'अंताजीची बखर', 'उद्या' या कादंबऱ्यांचे लेखक. आणि इरावती कर्वे! मानववंशशास्त्राच्या संशोधक, पण 'युगान्त'मध्ये त्यांनी महाभारतातली माणसं अशी वाचलीत, नातं, वय, हक्क, कुळ, की पात्र कसं उभं करावं याचा त्याहून चांगला वर्ग मला माहीत नाही. त्यातला गांधारीवरचा लेख तर लेख राहतच नाही, गोष्ट होतो. शास्त्र सांगता सांगता त्या कुठल्या वाक्यापासून गोष्टीत शिरल्या ते शोधायचा मी तीनदा प्रयत्न केलाय.

ऐतिहासिक कादंबरी लिहायची आहे. गाजलेल्या सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून काढू का?

दोन-तीन वाचल्या असतील तर पुरे, आता थांबा. मूळ गद्याकडे जा. नाहीतर तुमचा शिवकाळ किंवा पेशवाई दुसऱ्या कादंबरीकाराच्या भाषेतली होते, तेच 'महाराज, आज्ञा असावी', त्याच मशाली, त्याच टापा.

बखरी वाचा, पत्रं वाचा. पानिपतनंतर (१४ जानेवारी १७६१) नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून खबर कळली असं सांगतात, दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले, मोठे सरदार गेले, बाकी सैन्याला हिशेबच नाही. हे साहित्यिकाने लिहिलेलं नाही, धंद्याची भाषा आहे. कुठल्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी प्रतिमा हिशेबाच्या वहीतून आलीय!

आणि गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, घरावर कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार म्हणून दक्षिणेच्या आशेने १८५७ साली निघाला आणि थेट बंडाच्या मधोमध सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत. हे पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. त्यात झाशीची राणी आहे, लूट आहे, कत्तल आहे, पण भटजींना दक्षिणेची काळजी आहे आणि गंगेची कावड आईवडिलांसाठी घरी न्यायचीय. एवढ्या मोठ्या घटनेत माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं हे यापेक्षा चांगलं कुठे कळणार.

सेल्फ-हेल्प वाचलं तर चालतं का? ते पण नॉन-फिक्शनच ना.

माणूस म्हणून तुम्हाला उपयोग होत असेल तर जरूर वाचा. लेखक म्हणून मी जपून वाचायला सांगेन. त्यातली बरीच पुस्तकं घाईघाईने भाषांतर केलेली असतात आणि वाक्यांची ठेवण मराठी राहिलेली नसते. 'स्वतःवर काम करा', 'आपल्या भीतीला मिठी मारा' असली वाक्यं रोज कानावर पडली की महिन्याभरात आपल्या कथेतली आजी पण तसंच बोलायला लागते. हे मी ग्रुपमध्ये खरंच होताना बघितलंय आणि ते निस्तरायला वेळ लागतो.

रेसिपीची पुस्तकं, पंचनामे, जुन्या जाहिराती, असलं काहीही चालतं?

चालतं म्हणजे काय, मिळेल ते घ्या! कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' (१९७०) वाटी-चमच्याच्या मापात लिहिलंय, आणि हीच मोठी गोष्ट आहे, लिहिणाऱ्या बाईंनी वाचणाऱ्या मुलीच्या हातात काय असेल याचा आधी विचार केला. कोणासाठी लिहितोय हे डोळ्यासमोर ठेवणं म्हणजे हेच.

पंचनामा तर प्रत्येकाने एकदा वाचावा. 'आम्ही खाली सह्या करणार पंच' इथपासून सुरू होतं, 'सदर इसम', 'समक्ष', आणि वाक्य संपतच नाही. माणूस मेलाय आणि भाषा खोलीची लांबी-रुंदी मोजतेय, दार कोणत्या दिशेला ते सांगतेय. ग्रुपमधल्या एकीने नवऱ्याच्या अपघातावर लिहिताना तिसऱ्यांदा अडकल्यावर पंचनाम्याच्या भाषेत लिहून बघितलं, आणि वाचताना खोलीत कोणाला बोलता आलं नाही.

कविता या भांडणात कुठे बसते?

कविता दोघांनाही लागते, कानासाठी. इथे एकच सांगतो. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर तोपर्यंत मोठे नाटककार झालेले, पत्रकारिता केलेले, तरी त्यांनी मुंबईतल्या गोलपिठा या वेश्यावस्तीत ढसाळांबरोबर हिंडून बघितलं, न कळलेल्या शब्दांचे अर्थ विचारून घेतले, आणि हे सगळं प्रस्तावनेत मोकळेपणाने मांडलं. एवढ्या मोठ्या लेखकाला विचारायला कमीपणा वाटला नाही तर आपल्याला का वाटावा.

किती टक्के हे आणि किती टक्के ते?

टक्के नाही सांगता येणार. मी जोडीने वाचतो, एकाच विषयावरचं एक घडलेलं आणि एक रचलेलं, एकाच आठवड्यात. गिरणी संपाचं (१८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला) एखादं कामगारांच्या मुलाखतींचं पुस्तक आणि त्याच्याजोडीला जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक. मुलाखतींमध्ये संप आहे, मोर्चे आहेत, पगार आहे. नाटकात संप घराच्या आत आलाय, त्याच एका खोलीत, भावाभावांच्या भांडणात. मग वहीत दोनच गोष्टी लिहितो, पहिल्यात काय होतं जे दुसऱ्यात येऊ शकलं नसतं, आणि उलट.

खूप वाचलं तर दुसऱ्याची शैली येते, त्याचं काय?

येते, येऊ द्या. नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी वाचल्यावर सहा महिने प्रत्येक जण तिच्या नायकासारखं 'उदाहरणार्थ' लिहितो. ते जातं. एकाच लेखकाचं वाचत राहिलात तरच ते मुक्कामाला राहतं.

वाचायला वेळच नाही. ऑडिओबुक चालेल?

आत्मकथनं ऐकायला तर उलट बरं, ती सांगितलेलीच आहेत. पण आवडलेलं पान नंतर छापील शोधून हाताने उतरवून काढा, वाक्य कुठे मोडलंय ते हातालाच कळतं.

लक्ष्मीबाई तर शाळेत गेल्या नव्हत्या. मग अनुभव असेल तर वाचनाशिवाय लिहिता येतंच की?

हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच आणि मला त्यात आशा दिसते, म्हणून नीट उत्तर देतो. शाळा नव्हती याचा अर्थ कानावर काही नव्हतं असा नाही. जात्यावरच्या ओव्या, कहाण्या, कीर्तनं, घरातला कवी नवरा, त्यांच्याकडे येणारीजाणारी माणसं, एवढं सगळं त्या ऐकत होत्या, आणि ऐकलेलं पण वाचनच आहे. आज आपल्या घरांमध्ये ते ऐकणं उरलेलं नाही, म्हणून पुस्तकातून घ्यावं लागतं.

पण ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी सोडू नका. आमच्या ग्रुपमध्ये एक ताई आहेत, सातवीपर्यंत शिकलेल्या, पोळी-भाजी केंद्रात काम करतात. पहिले चार महिने नुसत्या ऐकत बसल्या. पाचव्या महिन्यात दोन पानं आणली, सासूने त्यांना पहिल्यांदा भाकरी थापायला लावली तो दिवस. पिठाला उकड किती द्यायची, चुलीतलं जळण कधी मागे ओढायचं, आणि सासू काही न बोलता करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेते इथे संपलं. मी विचारलं हे खरं घडलेलं की रचलेलं, तर म्हणाल्या भाकरी खरी, सासूने ती स्वतःच्या ताटात घेतली नव्हती, पण घ्यायला हवी होती ना.

पुढच्या रविवारी त्यांना 'स्मृतिचित्रे' देणार आहे.